फ्रेलिमो : मोझांबिकची मुक्ती आघाडी आणि सत्ताधारी पक्ष, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आफ्रिकेतल्या मुक्तिलढ्यांविषयी येणाऱ्या पत्रांत मोझांबिकचा वाटा मोठा आहे. स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी, आजोबा-पणजोबा लॉरेन्सो मार्केसला (आजच्या मापुतोला) नोकरीला होते असे सांगणारे गोंयकार आणि अलीकडे तुरीचे व्यापारीसुद्धा लिहितात. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून इथे एकत्र उत्तरे दिली आहेत. सोपे प्रश्न आधी, गुंत्याचे नंतर. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. नावे शक्य तितकी पोर्तुगीज उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

१. फ्रेलिमो म्हणजे नेमके काय? पक्ष, सेना की सरकार?

काळानुसार तिन्ही. ‘मोझांबिक मुक्ती आघाडी’ या पोर्तुगीज नावाची आद्याक्षरे जोडून ‘फ्रेलिमो’ झाले. १९६२ ते १९७५ ती वेगवेगळ्या विचारांच्या लोकांची सशस्त्र आघाडी होती. १९७५ मध्ये स्वातंत्र्य मिळाले आणि सत्ता तिच्याच हाती आली. फेब्रुवारी १९७७ च्या तिसऱ्या काँग्रेसमध्ये, म्हणजे अधिवेशनात, तिने स्वतःला मार्क्सवादी-लेनिनवादी पक्ष म्हणून जाहीर केले. आज ती निवडणुका लढवणारा पक्ष आहे, पण १९७५ पासून एक दिवसही विरोधी बाकावर बसलेली नाही. पुढची बहुतेक उत्तरे या एका वाक्याभोवती फिरतात.

२. स्थापना केव्हा आणि कुठे झाली? मोझांबिकच्या बाहेर का?

२५ जून १९६२ रोजी, टांगानिकातल्या म्हणजे आजच्या टांझानियातल्या दार-ए-सलाम इथे. उदेनामो, मानू आणि उनामी या तीन संघटना त्यासाठी एकत्र आल्या. तिन्ही परदेशात राहणाऱ्या मोझांबिकी मजुरांत आणि निर्वासितांत जन्मल्या होत्या. उदेनामो दक्षिण ऱ्होडेशियात म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, मानू टांगानिका-केनियाच्या बाजूला, तर उनामी न्यासालँडमध्ये म्हणजे आजच्या मलावीत. देशात सभा घेणेच अशक्य होते. हुकूमशहा सालाझारच्या पोर्तुगालमध्ये खुद्द पोर्तुगीजांना पक्ष काढता येत नव्हता, तिथे वसाहतीतल्या काळ्या लोकांना कोण विचारतो? शिवाय टांगानिका डिसेंबर १९६१ मध्ये स्वतंत्र झाला होता आणि तिथले नेते ज्युलियस न्येरेरे यांनी या मंडळींना आसरा तर दिलाच, एक व्हा म्हणून आग्रहही धरला. पहिली काँग्रेस सप्टेंबर १९६२ मध्ये त्याच शहरात भरली.

३. गांधीजींसारखा अहिंसक मार्ग त्यांनी का घेतला नाही?

हा प्रश्न आपल्याकडून फार येतो, आणि त्यात बऱ्याचदा थोडा उपदेशाचा सूर असतो. उत्तर मुएदा. १६ जून १९६० रोजी उत्तरेतल्या काबो देल्गादो प्रांतात मुएदा या गावी माकोंदे समाजाच्या शेतकऱ्यांचा जमाव आपले म्हणणे मांडायला पोर्तुगीज अधिकाऱ्यांसमोर जमला. प्रतिनिधींना अटक झाली, गडबड उडाली आणि सैनिकांनी गोळीबार केला. फ्रेलिमोच्या इतिहासात मृतांचा आकडा सुमारे ६०० सांगतात. पोर्तुगीज कागदपत्रांवर काम करणारे अभ्यासक तो कितीतरी कमी मानतात. आकड्याचा वाद राहू द्या, पण निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या याबद्दल वाद नाही, आणि पुढे लढ्यात उतरलेले अनेक तरुण याच भागातले होते.

आपणही एक लक्षात ठेवावे. पोर्तुगालशी आपली बोलणी चौदा वर्षे चालली, सत्याग्रही गोळ्यांना बळी पडले आणि शेवटी गोव्यात डिसेंबर १९६१ मध्ये लष्करच पाठवावे लागले.

४. एदुआर्दो मोंदलाने कोण होते?

फ्रेलिमोचे पहिले अध्यक्ष. जन्म १९२० चा, दक्षिणेतल्या गाझा प्रांतात. दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँड विद्यापीठात शिकत असताना १९४९ मध्ये वर्णद्वेषी सरकारने त्यांना देशाबाहेर काढले. मग लिस्बन, पुढे अमेरिकेत ओबर्लिन आणि नॉर्थवेस्टर्न इथे शिक्षण आणि समाजशास्त्रात डॉक्टरेट. संयुक्त राष्ट्रांत काही वर्षे नोकरी, सिराक्यूज विद्यापीठात अध्यापन. पत्नी जॅनेट गोऱ्या अमेरिकन. इतकी स्थिरस्थावर नोकरी सोडून ते १९६३ मध्ये दार-ए-सलामला कायमचे राहायला आले.

तीन संघटनांपैकी कुणाचेही नसणे हीच त्यांची जमेची बाजू होती. पण अमेरिकेशी असलेले नाते आणि गोरी पत्नी यांवरून विरोधकांनी त्यांना शेवटपर्यंत टोचले.

५. सशस्त्र लढा कधी सुरू झाला? शस्त्रे कुणी दिली?

२५ सप्टेंबर १९६४ ही अधिकृत तारीख. त्या रात्री काबो देल्गादोमधल्या शाई या ठाण्यावर हल्ला झाला. तुकडीचे प्रमुख आल्बेर्तो शिपांदे, ते पुढे संरक्षणमंत्री झाले. हाताशी प्रशिक्षित माणसे जेमतेम अडीचशेच्या आसपास होती आणि पहिल्या तुकड्या अल्जीरियात शिकून आल्या होत्या. नंतर टांझानियातल्या कोंग्वा आणि नाचिंग्वेया इथल्या तळांवर प्रशिक्षण होऊ लागले.

शस्त्रे आणि लष्करी मदत सोव्हिएत गट आणि चीन या दोघांकडून येत होती. ही दोन राष्ट्रे एकमेकांचे तोंड पाहत नसताना दोघांशी पटवून घेणे हे फ्रेलिमोचे कसब. स्वीडनसारखे देश औषधे, शाळा, कपडे यांसाठी मदत करत, बंदुकांसाठी नव्हे. पोर्तुगाल मात्र नाटोचा सदस्य होता. त्यामुळे ‘पाश्चिमात्य देश कुणाच्या बाजूने होते’ याचे उत्तर एका ओळीत देता येत नाही.

६. ‘मुक्त प्रदेश’ म्हणजे काय? तिथे खरोखर राज्य चालत होते का?

चालत होते, पण पाठ्यपुस्तकात रंगवतात तितके गोडीगुलाबीने नाही.

काबो देल्गादो आणि नियासा या उत्तरेकडच्या प्रांतांत पोर्तुगीज ठाण्यांच्या मधला बराच मुलूख फ्रेलिमोच्या ताब्यात गेला. तिथे झाडाखाली शाळा भरत, दवाखाने चालत, शेतकरी काजू आणि इतर माल रोवुमा नदीपलीकडे टांझानियात विकत आणि परतताना मीठ, साबण, कापड आणत. हा व्यापार कुणाच्या हाती असावा यावरूनच संघटनेत सर्वांत मोठी फूट पडली. काबो देल्गादोचे प्रमुख लाझारो न्कावांदामे हे माकोंदे समाजातले वजनदार गृहस्थ. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था त्यांनी आधीपासून बांधल्या होत्या. त्यांच्या हाताखालचे स्थानिक प्रमुख या व्यापारात आपली तुंबडी भरतात, असा लढवय्या तरुणांचा आरोप होता. न्कावांदामेंचे म्हणणे असे की लढतात आणि मरतात माकोंदे, हुकूम सोडतात दक्षिणेतले शिकलेले लोक.

दोन्ही बाजूंत तथ्य होते, असे माझे मत. फ्रेलिमोच्या अधिकृत इतिहासात मात्र पहिली बाजू ‘क्रांतिकारक मार्ग’ आणि दुसरी ‘प्रतिगामी मार्ग’ अशी सरळ वाटणी आहे. वाद फक्त पैशांचा नव्हता. स्त्रियांनी बंदूक घ्यावी का, गोऱ्या आणि आशियाई वंशाच्या लोकांना संघटनेत स्थान असावे का, शत्रू पोर्तुगीज माणूस आहे की पोर्तुगीज राजवट, हे सगळे त्यात मिसळलेले होते. जुलै १९६८ मध्ये नियासातल्या माचेजे इथे, म्हणजे देशाच्या आत, दुसरी काँग्रेस भरली आणि मोंदलाने यांची बाजू वरचढ ठरली. न्कावांदामे पुढच्या वर्षी पोर्तुगीजांना जाऊन मिळाले.

७. मोंदलाने यांचा खून कोणी केला?

३ फेब्रुवारी १९६९ रोजी दार-ए-सलाममध्ये एका अमेरिकन मैत्रिणीच्या घरी टपाल उघडत असताना पुस्तकात लपवलेल्या बॉम्बचा स्फोट झाला. पोर्तुगालच्या पीदे या गुप्त पोलीस दलाचा हात होता, असे बहुतेक अभ्यासक मानतात. संघटनेतल्या कुणीतरी ते पार्सल पोचते होण्यास मदत केली, हा संशयही तेव्हापासून आहे. खटला कुणावरही चालला नाही.

बॉम्ब बनवणारा म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो काझिमिरो मोंतेरो. हा गोव्यात जन्मलेला. पन्नाशीच्या दशकात गोव्यात पोलीस अधिकारी होता आणि तिथल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या आठवणींत छळाच्या संदर्भात हे नाव वारंवार येते. १९६५ मध्ये पोर्तुगालचे विरोधी नेते जनरल उंबेर्तो देल्गादो यांच्या खुनाबद्दल त्याला पुढे गैरहजेरीत दोषी ठरवण्यात आले. गोव्यातला छळ, स्पेनच्या सीमेवरचा खून आणि दार-ए-सलामचा बॉम्ब या तिन्ही प्रकरणांत एकच माणूस दिसतो, याचा आपल्याकडे फारसा उल्लेख होत नाही.

८. लढ्यात स्त्रिया होत्या का?

होत्या. १९६७ पासून स्त्रियांची वेगळी तुकडी होती. सामान वाहणे, राखण करणे, प्रचार, अनाथ मुलांची देखभाल आणि गरज पडेल तिथे लढाई. त्यांच्यातल्या जोझिना मुथेंबा यांनी समोरा माशेल (पुढे स्वतंत्र मोझांबिकचे पहिले राष्ट्राध्यक्ष) यांच्याशी लग्न केले आणि ७ एप्रिल १९७१ रोजी, वयाच्या पंचविशीत, आजारपणात त्या वारल्या. हा दिवस मोझांबिकमध्ये महिला दिन म्हणून पाळतात. ग्रासा माशेल या वेगळ्या. समोरांशी त्यांचे लग्न १९७५ मध्ये झाले, आणि १९९८ मध्ये त्यांनी नेल्सन मंडेला यांच्याशी विवाह केला. परीक्षेत या दोघींची अदलाबदल हमखास होते.

९. फ्रेलिमोने युद्ध जिंकले की पोर्तुगालनेच हात टेकले?

१९७० मध्ये जनरल काउल्झा द आरियागा यांनी ‘गॉर्डियन गाठ’ नावाची प्रचंड मोहीम काढली आणि उत्तरेतले अनेक तळ उद्ध्वस्त केले. पण फ्रेलिमोने १९६८ मध्येच तेते प्रांतात दुसरी आघाडी उघडली होती. तिथे काओरा बासा धरणाचे काम चालू होते. धरण ते थांबवू शकले नाहीत, मात्र त्याच्या रक्षणात हजारो सैनिक अडकून पडले आणि युद्ध मध्य मोझांबिककडे सरकले. १६ डिसेंबर १९७२ रोजी तेतेजवळ विरियामू इथे पोर्तुगीज सैनिकांनी शेकडो गावकऱ्यांना ठार केले. मिशनऱ्यांनी जमवलेली माहिती जुलै १९७३ मध्ये लंडनच्या वृत्तपत्रात छापून आली तेव्हा जगभर बोभाटा झाला.

२५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमध्ये तरुण लष्करी अधिकाऱ्यांनीच सरकार उलथवले. राजधानी लॉरेन्सो मार्केस तेव्हाही पोर्तुगीजांच्या हाती होती आणि दक्षिणेत लढाई पोचलेलीच नव्हती. म्हणून ‘रणांगणावर विजय’ म्हणणे बरोबर नाही. पण ते अधिकारी बंड करून उठले ते तीन आफ्रिकी वसाहतींतल्या न संपणाऱ्या युद्धांना कंटाळूनच. त्या वेळी मोझांबिकमधल्या पोर्तुगीज सैन्यात निम्म्याहून अधिक माणसे स्थानिक भरतीची होती, ही गोष्ट दोन्ही देशांच्या गौरवगाथांत बसत नाही. ७ सप्टेंबर १९७४ रोजी लुसाका करार झाला आणि निवडणूक न घेता सत्ता फ्रेलिमोकडे सोपवण्याचे ठरले. २५ जून १९७५ ला स्वातंत्र्य.

१०. गोव्याचा आणि फ्रेलिमोचा संबंध काय? गोंयकार कुणाच्या बाजूने होते?

दोन्ही बाजूंनी, आणि बरेचसे कुणाच्याच नव्हे.

संबंध जुना आहे. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातूनच चालत असे. विसाव्या शतकात शिकलेले गोंयकार कारकुनी, टपाल, रेल्वे, शिक्षण अशा सरकारी नोकऱ्यांसाठी तिकडे गेले. ते पोर्तुगीज नागरिक होते आणि वसाहतीच्या उतरंडीत गोऱ्यांच्या खाली पण काळ्यांच्या वर त्यांची पायरी होती. भारतीय नागरिकत्व असलेल्या, मुख्यतः गुजराती, व्यापाऱ्यांची गोष्ट निराळी. डिसेंबर १९६१ मध्ये भारताने गोवा घेतल्यावर त्यांना मोझांबिकमध्ये छावण्यांत डांबले, मालमत्ता गोठवल्या आणि पुढे अनेकांना देशाबाहेर काढले.

दुसरीकडे एप्रिल १९६१ मध्ये कासाब्लांका इथे पोर्तुगीज वसाहतींतल्या राष्ट्रवादी संघटनांची परिषद भरली. तिच्यात अंगोला, गिनी आणि मोझांबिक यांच्याबरोबर गोव्याचे प्रतिनिधीही होते. या परिषदेचे सचिवपद सांभाळणारे मार्सेलिनो दुस सांतुस पुढे फ्रेलिमोचे उपाध्यक्ष झाले.

आणि आकिनो द ब्रागांझा. १९२४ मध्ये गोव्यात जन्म, बार्देसचे. मोरोक्को आणि अल्जीरियात पत्रकारिता करताना आफ्रिकी मुक्तिलढ्यांच्या सगळ्या पुढाऱ्यांशी त्यांची घसट होती. १९७४ मध्ये लिस्बनमध्ये सत्तांतर झाल्यावर नवे अधिकारी खरेच काय देऊ पाहतात हे चाचपायला समोरा माशेल यांनी त्यांनाच गुपचूप पाठवले. मंत्रिपद त्यांनी घेतले नाही. मापुतोच्या विद्यापीठात आफ्रिकी अभ्यास केंद्र उभारले. तिथे १९८२ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या हस्तकांनी पाठवलेल्या पत्रबॉम्बने त्यांची सहकारी रूथ फर्स्ट मारली गेली, ते स्वतः जखमी झाले. चार वर्षांनी माशेल यांच्याच विमानात त्यांचा अंत झाला (प्रश्न १४). गोव्यात जन्मलेल्या दोन माणसांपैकी एक फ्रेलिमोच्या अध्यक्षाचा सल्लागार आणि दुसरा तिच्या पहिल्या अध्यक्षाच्या खुनातला संशयित (प्रश्न ७). ‘गोंयकार कुणाच्या बाजूने’ या प्रश्नाला याहून नेमके उत्तर माझ्याकडे नाही.

काही वाचक विचारतात म्हणून : समोरांच्या आडनावाचा फोंड्याजवळच्या माशेल गावाशी काही संबंध नाही.

११. स्वातंत्र्यानंतर फ्रेलिमो एवढी डावी का झाली?

परिस्थितीने ढकलले आणि नेत्यांनाही तेच हवे होते. सुमारे अडीच लाख पोर्तुगीज वसाहतवाल्यांपैकी बहुतेक दीड-दोन वर्षांत निघून गेले. डॉक्टर, यंत्रचालक, दुकानदार, हिशेबनीस सगळे त्यांचेच. निरक्षरता नव्वद टक्क्यांच्या वर होती. जुलै १९७५ मध्ये शाळा, दवाखाने आणि वकिली यांचे राष्ट्रीयीकरण झाले, पुढच्या वर्षी भाड्याच्या इमारतींचे. साक्षरता आणि लसीकरणाच्या मोहिमांची जगाने वाहवा केली आणि ती रास्तच होती.

ग्रामीण भागात मात्र गडबड झाली. विखुरलेल्या वस्त्यांना ‘सामुदायिक गावांत’ आणण्याचा धडाका, पारंपरिक मुखियांची हकालपट्टी, धर्मसंस्थांवर निर्बंध. १९८३ मध्ये शहरांतल्या ‘अनुत्पादक’ माणसांना धरून दूर नियासात नेऊन सोडण्याची मोहीमही निघाली. ओळखपत्र खिशात नसलेला माणूसही त्यात सापडला.

१२. फ्रेलिमोच्या अंतर्गत विरोधकांचे पुढे काय झाले?

हे उत्तर पक्षाच्या अधिकृत इतिहासात सापडत नाही.

मोंदलानेंनंतर अध्यक्षपद उपाध्यक्ष उरिया सिमांगो यांच्याकडे जायला हवे होते. त्याऐवजी सिमांगो, समोरा माशेल आणि मार्सेलिनो दुस सांतुस असे त्रिकूट नेमले गेले. नोव्हेंबर १९६९ मध्ये सिमांगोंनी पत्रक काढून दक्षिणेतल्या गटावर कारस्थानाचे आणि खुनांचे आरोप केले. त्यांना काढून टाकले आणि मे १९७० मध्ये माशेल अध्यक्ष झाले. १९७४ मध्ये सिमांगो परतून दुसऱ्या पक्षात गेले, पण सत्तांतर फक्त फ्रेलिमोकडे होणार हे लुसाका कराराने ठरवून टाकले होते. मलावीतून त्यांना पकडून नाचिंग्वेयाला नेले. १९७५ मध्ये तिथे लढवय्यांच्या गर्दीसमोर त्यांच्याकडून लांबलचक कबुलीजबाब वाचून घेतला. मग नियासातली ‘पुनर्शिक्षण’ छावणी. सिमांगो, न्कावांदामे, जुआना सिमेआओ आणि इतर काहींना खटल्याविना ठार केले गेले. सिमांगोंची पत्नी सेलिना हिलाही. कुटुंबाला थडगी आजवर दाखवलेली नाहीत.

सिमांगोंचा मुलगा दाविझ पुढे बेइराचा महापौर झाला आणि २००९ मध्ये त्याने स्वतःचा विरोधी पक्ष काढला. २०२१ मध्ये तो वारला, पक्ष अजून आहे.

१३. रेनामो म्हणजे गोऱ्या राजवटींची बाहुली होती ना?

सुरुवात तशीच. मोझांबिकने १९७६ मध्ये ऱ्होडेशियाची सीमा बंद केली आणि तिथल्या मुक्तिसैनिकांना तळ दिले. त्यावर ऱ्होडेशियाच्या गुप्तचर खात्याने फ्रेलिमो सरकारविरुद्ध लढणारी रेनामो ही बंडखोर संघटना उभी केली. पहिला प्रमुख आंद्रे मात्सांगाइसा १९७९ मध्ये मारला गेला, मग अफोन्सो द्लाकामा. १९८० मध्ये ऱ्होडेशियाचे झिंबाब्वे झाले तेव्हा दक्षिण आफ्रिकेच्या लष्कराने हे पोर दत्तक घेतले. मार्च १९८४ च्या न्कोमाती करारात एकमेकांच्या शत्रूंना मदत न करण्याचे ठरले. मोझांबिकने आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या लोकांना बाहेर काढले, दक्षिण आफ्रिकेची मदत मात्र चालूच राहिली. १९८५ मध्ये रेनामोच्या गोरोंगोझा इथल्या तळावर सापडलेल्या डायऱ्यांनी ते उघड केले.

रेनामोचे अत्याचार भीषण होते. पण नुसत्या बाहुलीला १९९४ च्या निवडणुकीत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मते मिळत नाहीत. मध्य आणि उत्तर मोझांबिकमध्ये प्रश्न ११ मधल्या धोरणांनी दुखावलेले लोक भरपूर होते. युद्धात आणि त्याने ओढवलेल्या दुष्काळात मिळून सुमारे १० लाख माणसे गेली असे मानतात.

१४. समोरा माशेल यांचे विमान पाडले गेले का?

सिद्ध झालेले नाही. १९ ऑक्टोबर १९८६ रोजी झांबियातून परतताना त्यांचे सोव्हिएत बनावटीचे विमान दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीत म्बुझिनीच्या टेकड्यांवर आदळले. दक्षिण आफ्रिकेच्या चौकशी आयोगाने वैमानिकांवर ठपका ठेवला. सोव्हिएत तज्ज्ञांचे म्हणणे होते की खोट्या रेडिओ संकेताने विमानाला चुकीच्या वळणावर नेले. १९९८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आणि समेट आयोगाने कुणालाच दोषी ठरवले नाही, पण संशयाला जागा आहे आणि अधिक तपास व्हावा असे म्हटले. मापुतोत कुणालाही विचारा, घातपातच होता असे सांगतील.

१५. मार्क्सवाद सोडला कधी? आणि बहुपक्षीय लोकशाही आली तरी सत्ता कशी टिकली?

जुलै १९८९ च्या पाचव्या काँग्रेसमध्ये सोडला, म्हणजे बर्लिनची भिंत पडण्याच्या चार महिने आधी. नाणेनिधीत तर मोझांबिक १९८४ मध्येच गेला होता. १९९० मध्ये बहुपक्षीय संविधान आले आणि ४ ऑक्टोबर १९९२ रोजी रोममध्ये सांत एजिदिओ या कॅथलिक संस्थेच्या मध्यस्थीने सरकार आणि रेनामो यांच्यात शांतता करार झाला. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतीय तुकड्याही होत्या.

१९९४ मध्ये माशेल यांच्यानंतर राष्ट्राध्यक्ष झालेले ज्वाकीं शिसानो यांना ५३ टक्के, द्लाकामांना सुमारे ३४ टक्के मते पडली. १९९९ मधला फरक जेमतेम साडेचार टक्क्यांचा होता आणि रेनामोने तो निकाल कधीच मान्य केला नाही. त्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष आर्मांदो गेबुझा, फिलिप न्युसी आणि दानिएल शापो, सगळे फ्रेलिमोचेच. सत्ता टिकण्याची कारणे साधी आहेत. नोकरशाही, पोलीस, मोठे ठेके आणि निवडणूक यंत्रणा यांत पक्ष आणि राज्य वेगळे करता येत नाहीत. विरोधक विस्कळीत राहिले. शिवाय दोन मुदतींनंतर अध्यक्ष खुर्ची सोडतो, त्यामुळे पक्षातल्या इच्छुकांना आशा राहते. शेजारच्या झिंबाब्वेत मुगाबेंनी हे केले नाही आणि शेवटी स्वपक्षीयांनीच त्यांना उतरवले.

पुढाऱ्यांच्या श्रीमंतीवर बोलायचे तर २०१६ मध्ये उघड झालेले सुमारे २ अब्ज डॉलरचे गुप्त कर्ज पुरेसे आहे. संसदेला न कळवता, मासेमारी आणि किनारा सुरक्षेच्या नावाखाली ते काढले होते. माजी अर्थमंत्री मानुएल शांग यांना ऑगस्ट २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोषी ठरवले गेले. गेबुझांच्या मुलाला त्याआधीच मापुतोत शिक्षा झाली होती.

१६. झेंड्यावर बंदूक का आहे? तो पक्षाचा झेंडा आहे का?

राष्ट्रध्वज आहे, पण पक्षाच्या झेंड्यावरूनच घेतलेला. आजचे रूप १९८३ चे. एके-४७ संरक्षणाची, कुदळ शेतीची आणि पुस्तक शिक्षणाचे. बंदूक काढावी ही विरोधकांची जुनी मागणी आहे, ती मान्य झालेली नाही. मतपत्रिकेवर मात्र फ्रेलिमोचे चिन्ह ढोल आणि मक्याचे कणीस.

१७. २०२४ च्या निवडणुकीनंतर एवढा गोंधळ का झाला?

९ ऑक्टोबर २०२४ च्या मतदानानंतर आयोगाने शापो यांना ७० टक्क्यांवर मते जाहीर केली. विरोधी उमेदवार वेनांसिओ मोंदलाने यांनी निकाल नाकारला. १९ ऑक्टोबरला त्यांचे वकील आणि त्यांना पाठिंबा देणाऱ्या पक्षाचा एक पदाधिकारी यांची मापुतोत गोळ्या घालून हत्या झाली आणि शहरे पेटली. २३ डिसेंबरला संविधान परिषदेने आकडा ६५ टक्क्यांवर आणला, विजय कायम ठेवला. नागरी संघटनांच्या मोजणीनुसार त्या काही महिन्यांत ३०० हून अधिक माणसे मारली गेली, बहुतेक पोलिसांच्या गोळीने.

रस्त्यावर उतरलेल्या पोरांचा जन्म रोम करारानंतरचा. पक्ष अजूनही १९६४ सालचे दाखले देऊन मते मागतो, आणि या पोरांना हवी आहे नोकरी. खुद्द शापो १९७७ मध्ये जन्मले, स्वातंत्र्यानंतर जन्मलेले ते पहिले राष्ट्राध्यक्ष.

१८. लढा जिथे सुरू झाला त्या काबो देल्गादोत आता पुन्हा युद्ध का?

ऑक्टोबर २०१७ पासून तिथे इस्लामी दहशतवादी गट सक्रिय आहे. किनाऱ्यालगत समुद्रात वायूचे अफाट साठे सापडले, पण स्थानिकांच्या हाती विस्थापन आले. मार्च २०२१ मध्ये पाल्मा शहरावर हल्ला झाल्यावर फ्रेंच कंपनीने प्रकल्प थांबवला आणि त्याच वर्षी रवांडाचे सैन्य मदतीला आले. या वायूक्षेत्रात भारतीय सरकारी कंपन्यांचा एकत्रित वाटा ३० टक्के आहे. मुक्तिसंग्रामातल्या निवृत्त सेनानींपैकी पुष्कळ जण मुएदाच्या पठारावरचे माकोंदे, तर दहशतवादी गटातली भरती बरीचशी किनाऱ्यावरच्या म्वानी मुस्लिम तरुणांतली. पेन्शन, ठेके, जमिनी कुणाला मिळाल्या याचा राग या भांडणात खोलवर आहे. निव्वळ धर्माने त्याचा उलगडा होत नाही.

१९. मोझांबिकच्या तुरीचा फ्रेलिमोशी काही संबंध आहे का?

सरकारी कराराइतकाच. २०१५ मध्ये आपल्याकडे तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली. जुलै २०१६ मध्ये दोन्ही सरकारांत करार झाला आणि आयात टप्प्याटप्प्याने वर्षाला २ लाख टनांपर्यंत नेण्याचे ठरले. तिकडचा शेतकरी ही तूर मुख्यतः भारतासाठीच पिकवतो. लातूर-अकोल्याच्या शेतकऱ्याला भाव पडल्यावर जो राग येतो तो समजण्यासारखा आहे, पण तिकडच्या झांबेझिया प्रांतातल्या दोन एकरवाल्यालाही व्यापारी पडेल भावच देतो.

२०. अध्यक्षांच्या यादीत १९६९-७० साठी कुणाचे नाव लिहायचे? आणि पहिले पंतप्रधान कोण?

फेब्रुवारी १९६९ ते मे १९७० या काळात अध्यक्ष नव्हता, प्रश्न १२ मधले त्रिकूट होते. उरिया सिमांगो यांना ‘दुसरे अध्यक्ष’ लिहिणे चूक, आणि त्यांचे नाव गाळणेही चूक. पंतप्रधानांबाबत दोन उत्तरे संभवतात. सप्टेंबर १९७४ ते जून १९७५ च्या संक्रमणकालीन सरकारचे पंतप्रधान शिसानो होते. स्वातंत्र्यानंतर हे पद नव्हतेच, ते १९८६ मध्ये आले आणि त्यावर मारिओ माशुंगो बसले. प्रश्नात ‘स्वतंत्र मोझांबिकचे’ असे शब्द असतील तर माशुंगो लिहा, नसतील तर शिसानो.